गोव्याच्या दमट हवेत पहिला वॉटर कूलर निवडताना

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला डिचोलीच्या आमच्या घरात, कौलांखालच्या खोलीत, पारा ३४ अंशांवर असतो. नेमका त्याच वेळी भाचा लग्नाचा व्हिडिओ तयार करून काढायला, म्हणजे रेंडरला, लावतो, आणि कॉम्प्युटरच्या पंख्यांचा आवाज पार पडवीपर्यंत येतो. यंदा त्याने वॉटर कूलिंग बसवायचं ठरवलं. त्याचा पहिला प्रश्न असा होता: "मामा, आपल्याकडे हवा एवढी दमट, आत पाणी सुटणार नाही ना?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरातच या विषयातली निम्मी समज आहे. थंडगार सोलकढीच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटतं, कारण पेला खोलीतल्या हवेपेक्षा थंड असतो. वॉटर कूलरमधलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच होत नाही. प्रोसेसरवर तांब्याची प्लेट बसते, तिच्यात केसासारख्या बारीक खाचा असतात. पंप त्या खाचांमधून पाणी फिरवतो, तापलेलं पाणी नळीतून रेडिएटरला जातं आणि तिथले पंखे ती उष्णता खोलीतल्या हवेत सोडतात. मोटारीच्या बॉनेटखाली हेच चालतं. यात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर नसतो. त्यामुळे चालू कॉम्प्युटरच्या नळ्यांना दव धरायचं काही कारणच नाही.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू लक्षात घ्या. खोली ३४ अंशांवर असेल, तर जोराच्या कामात आतलं पाणी त्याच्या दहा-बारा अंश वर, म्हणजे ४५ च्या आसपास जातं आणि प्रोसेसर त्याहून ३०-३५ अंश वर. तीच खोली एसी लावून २५ वर आणली, तर हे सगळे आकडे नऊ अंशांनी खाली येतात. म्हणून मी सगळ्यांना एकच क्रम सांगतो: आधी खोली बघा, मग प्रोसेसर, मग कॅबिनेट. कूलर सर्वांत शेवटी निवडा. बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात, आणि मग आणलेली वस्तू बसत तरी नाही किंवा लागत तरी नाही.

तुम्हाला खरंच हवा आहे का?

प्रोसेसर किती वॅट खातो ते बघा. खोक्यावर छापलेला टीडीपीचा, म्हणजे प्रोसेसर साधारण किती वॅट उष्णता सोडतो याचा, आकडा पुरेसा नाही, कारण जोरात काम करताना प्रोसेसर त्याच्या पुढे जातो. एएमडी कंपनीच्या रायझन ५ ७६०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, तो ८८ पर्यंत घेतो. रायझन ७ ७८००एक्स३डी १२० चा आहे, मर्यादा १६२. रायझन ९ ९९५०एक्स १७० चा, मर्यादा २००. इंटेलचा आय५ १४४०० पायाला ६५ पण टर्बोत, म्हणजे वेग वाढवल्यावर, १४८, आणि आय७ १४७००के थेट २५३ वॅटपर्यंत.

८८ वॅटच्या प्रोसेसरला वॉटर कूलर लागत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. दोन-अडीच हजारांचा चार उष्णतानळ्यांचा चांगला एअर कूलर त्याला गोव्याच्या उन्हाळ्यातही पुरतो. ७८००एक्स३डी वर फक्त गेम खेळणार असाल, तरी मोठा एअर कूलर पुरे, कारण गेममध्ये तो आपल्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. वाचलेले पैसे रॅमला घाला, एसएसडीला घाला. २०० वॅटच्या पुढचा प्रोसेसर असेल आणि व्हिडिओ, थ्रीडी किंवा कोड कंपाइल करण्याचं तासन्‌तास काम असेल, तर मात्र वॉटर कूलरचे पैसे वसूल होतात. भाच्याचा आय७ होता, म्हणून मी त्याला हो म्हटलं.

आणखी एक. रायझन ७००० मालिकेतले एक्स नावाचे प्रोसेसर पूर्ण जोरात ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवले आहेत, तसं एएमडीनेच सांगितलेलं आहे. स्क्रीनवर ९५ दिसलं म्हणून घाबरून कूलर बदलू नका. वेग कमी होतोय का, तेवढं बघा.

आणि हेही मनात पक्कं असू द्या की प्रोसेसरवरचा वॉटर कूलर ग्राफिक्स कार्डाला थंड करत नाही. गेमिंगच्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त उष्णता कार्डच सोडतं. तुमचा त्रास तिथला असेल, तर आधी कॅबिनेटमध्ये हवा खेळती करा.

बंद एआयओ की सुटा लूप?

नवख्याने एआयओच, म्हणजे सगळे भाग जोडूनच येणारा कूलर, घ्यावा. पंप, नळ्या, रेडिएटर आणि आतला द्रव कारखान्यातच भरून सील केलेला असतो. आपण फक्त स्क्रू आवळायचे.

सुटा लूप, म्हणजे ब्लॉक, पंप, टाकी, नळ्या वेगवेगळ्या आणून स्वतः जोडणं, हे सुंदर काम आहे आणि मला ते मनापासून आवडतं. पण त्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आलं की एक धातू दुसऱ्याला खातो. पाणी दर वर्षा-दीड वर्षाने बदलावं लागतं आणि गळती तपासायला एक अख्खा दिवस राखून ठेवावा लागतो. कोणी विचारतं, विहिरीचं पाणी गाळून चालेल का? नाही. आपल्या जांभ्या दगडातून झिरपलेल्या पाण्यात क्षार आणि लोह असतं. आरओचं पाणीही चालत नाही. तिथे डिस्टिल्ड पाणी आणि त्यात गंज व शेवाळ रोखणारं द्रावण, किंवा तयार कूलंट, एवढंच चालतं. पहिला एआयओ दोन-तीन वर्षं नीट सांभाळा, मग हात घाला.

मोजपट्टी घ्या आणि कॅबिनेट उघडा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. काही वर्षांपूर्वी माझ्या कॅबिनेटच्या माहितीपत्रकात "३६० रेडिएटर बसतो" असं वाचून मी ३६० मागवला. तो बसत होता फक्त पुढच्या बाजूला. वर लावायला गेलो तर पंख्याची कड रॅमच्या पट्टीवर टेकली. रॅमची उंच पट्टी बदलावी लागली, तेव्हा कुठे काम झालं.

एआयओचे आकार पंख्यांवरून ठरतात. १२० म्हणजे १२० मिमीचा एक पंखा, २४० म्हणजे दोन, ३६० म्हणजे तीन. २८० मध्ये १४० चे दोन पंखे. प्रत्यक्षात रेडिएटर त्याहून लांब असतो, कारण दोन्ही टोकांना पाण्याचे कप्पे असतात. २४० चा रेडिएटर सुमारे २७५ ते २८० मिमी भरतो आणि ३६० चा जवळपास ४०० मिमी.

जाडी जास्त महत्त्वाची. साधा रेडिएटर २७ मिमी, पंखा २५ मिमी, मिळून ५२. आता कॅबिनेटच्या छतापासून मदरबोर्डच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. तिथे ५५-६० मिमी मोकळे मिळाले तर निर्धास्त राहा. त्याहून कमी असेल, तर रेडिएटर मदरबोर्डच्या पुढे सरकलेल्या भोकांवर बसतो का आणि रॅम किती उंच आहे, ते बघा. सगळेच रेडिएटर २७ चे नसतात. आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर थ्रीचा रेडिएटर ३८ मिमी जाड आहे, म्हणजे पंख्यासकट ६३. थंड करण्यात तो फार चांगला आहे, पण लहान कॅबिनेटमध्ये मावत नाही. पुढच्या बाजूला लावणार असाल, तर ग्राफिक्स कार्डाच्या लांबीत ही जाडी मिळवून बघा.

आकार कुठला? १२० चा एआयओ घेऊ नका. तेवढ्याच पैशांत त्याच्याहून सरस एअर कूलर मिळतो. १६० वॅटपर्यंत २४० पुरे. २०० च्या पुढे, विशेषतः एसी नसलेल्या खोलीत, २८० किंवा ३६० घ्या. मोठ्या रेडिएटरचा खरा फायदा तापमानापेक्षा आवाजात आहे. तेच काम पंखे कमी वेगाने करतात आणि रात्री घरच्यांची झोप मोडत नाही.

रेडिएटर वर की पुढे?

नियम एकच: पंप हा लूपमधला सर्वांत उंच भाग असता कामा नये. एआयओमध्ये थोडी हवा असतेच, आणि वर्षं जातात तशी ती वाढते, कारण रबरी नळीतून पाण्याचा अंश हळूहळू उडून जातो. हवा नेहमी उंच जागी जाऊन बसते. ती जागा रेडिएटरचं वरचं टोक असेल, तर काही बिघडत नाही. पंपात जाऊन बसली, तर पंप कोरडा फिरतो, खुळखुळ आवाज करतो आणि लवकर मरतो. रेडिएटर कॅबिनेटच्या तळाला लावायचा नाही, तो यासाठीच. पुढे लावलात, तर त्याचं वरचं टोक पंपाच्या वर आहे ना, ते बघा. शक्यतो नळ्या खालच्या बाजूने निघू द्या.

मी आपल्याकडे वर लावायला सांगतो, पंखे हवा बाहेर फेकतील असे. एक कारण धूळ. डिचोली, साखळी, सांगे या बाजूला तांबडी धूळ कशी असते, ते तिथे राहणाऱ्याला सांगायला नको. रेडिएटर पुढे हवा ओढायला लावला, तर ती धूळ थेट त्याच्या पात्यांत जाऊन बसते. वर असला, तर पुढची जाळी बरीचशी धूळ आधीच अडवते. दुसरं म्हणजे पुढून आत येणारी हवा ग्राफिक्स कार्डाला ताजी मिळते. वर लावल्याने प्रोसेसर दोन-चार अंश जास्त तापतो, हे खरं. फक्त रेंडरचं काम असेल आणि कार्ड फारसं तापत नसेल, तर पुढे लावा.

घेताना काय तपासायचं

सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा, पहिलं. एएम५, एलजीए १७०० किंवा एलजीए १८५१, जे तुमचं असेल त्याचं नाव खोक्यावर हवं. एएम४ साठीचे बहुतेक कूलर एएम५ वर बसतात, आणि एलजीए १७०० चे १८५१ वर. पण एलजीए १२०० ची भोकं वेगळी आहेत. जुना साठा स्वस्तात मिळत असेल, तर १७०० चं ब्रॅकेट, म्हणजे कूलर बोर्डला धरणारी पट्टी, सोबत आहे का, ते विचारून घ्या.

वॉरंटी दुसरी. पाच-सहा वर्षांची देणारे बरेच आहेत, त्याहून कमीचा घेऊ नका. गळती होऊन दुसरे भाग बिघडले तर कंपनी काय करणार, ते अटींत वाचा. आणि खोका फेकू नका. मला एकदा कूलर वॉरंटीत द्यावा लागला, तेव्हा तो कुरियरने गोव्याबाहेर पाठवायचा होता आणि मूळ खोक्यामुळे तो नीट पोचला.

दिव्यांची हौस असेल, तर तारेचं टोक बघा. तीन पिनांचं ५ व्होल्टचं टोक चार पिनांच्या १२ व्होल्टच्या जागी कसंबसं लावलं, तर दिवे जळतात. पंपावर छोटी स्क्रीन असलेले कूलरही मिळतात, पण पहिल्या खरेदीत मी त्यावर पैसे घालणार नाही. साधा, चांगल्या पंख्यांचा २४० साधारण सहा ते नऊ हजारांत येतो, ३६० त्याच्या वर.

बसवायचा दिवस

दीड-दोन तास हाताशी ठेवा आणि भरपूर उजेड असलेली जागा घ्या. वीज बंद करा, तार काढा. काम सुरू करण्याआधी आणि मधून मधून कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल.

जुना कूलर काढायच्या आधी कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून कोमट करा. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट मऊ होते. कूलर सरळ वर ओढू नका, डावीकडे-उजवीकडे हलका पिळत काढा. एएम४ वर ही काळजी जास्त घ्या, कारण तिथे घट्ट चिकटलेल्या कूलरसोबत प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा.

पंखे रेडिएटरला आधी बाहेरच लावून घ्या. पंख्याच्या ज्या बाजूला मधली चकती चार आडव्या काड्यांनी धरलेली असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. स्क्रू सोबत आलेलेच वापरा. लांब स्क्रू सरळ रेडिएटरच्या पात्यांतून पाण्याच्या नळीत घुसतो, आणि मग तो कूलर संपलाच.

मग रेडिएटर कॅबिनेटला लावा, स्क्रू सध्या ढिले ठेवा. आता पंप. त्याच्या तांब्याच्या प्लेटवर पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा असेल तर काढा. तो इतका पातळ असतो की नुसत्या नजरेला दिसत नाही, नखाने कडेला खरवडून बघा. काही कूलरना पेस्ट आधीच लावलेली असते, मग वरून आणखी लावू नका. नसेल, तर प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याच्या दाण्याएवढी लावा. मोठ्या लांबट इंटेलवर आणि एएम५ वर मी मधला एक ठिपका आणि कोपऱ्यांकडे चार बारीक ठिपके देतो.

पंप वरून सरळ खाली टेकवा. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांचे, एका वेळी दोन-दोन फेरे देत आवळा. एकच बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलात, तर प्लेट तिरकी बसते आणि पेस्ट एका कडेला पळते. भाच्याने पहिल्यांदा तसंच केलं. आम्ही पंप उचलून बघितला, तर प्रोसेसरची एक कड कोरडी राहिली होती. पुसून पुन्हा बसवला. नळ्यांना तीव्र वळण पडू देऊ नका आणि ग्राफिक्स कार्डावर त्यांचा भार येऊ देऊ नका.

तारा अशा: पंपाची तार मदरबोर्डवर एआयओ पंप लिहिलेल्या जागी, पंख्यांची सीपीयू फॅन लिहिलेल्या जागी. सीपीयू फॅन रिकामं ठेवलं, तर सुरू होताना बरेच बोर्ड चूक दाखवून थांबतात. काही पंपांना एसएमपीएसची, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याची, साटा तार आणि यूएसबीची तारही लागते.

पहिल्यांदा चालू करताना

आधी बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जा. पंपाचा वेग कायम पूर्ण ठेवा. तिथे पंपाचे फेरे मिनिटाला दोन-तीन हजारांच्या घरात दिसले पाहिजेत. पंखे मात्र तापमानानुसार हळूहळू वाढतील असे ठेवा, नाहीतर प्रोसेसर क्षणभर तापला की पंखे किंचाळतात आणि लगेच गप्प होतात. पहिले काही तास थोडा खुळखुळ आवाज येईल, हवा वर जाऊन बसली की तो थांबतो.

मग चाचणी. खोलीचं तापमान कागदावर लिहा, तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडा आणि प्रोसेसरला जोरात राबवणारं सिनेबेंच अर्धा तास सलग चालू ठेवा. पाच मिनिटांत मिळालेला आकडा खरा नसतो, कारण सगळं पाणी तापून स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. शेवटी स्थिरावलेल्या आकड्यातून खोलीचं तापमान वजा करा आणि तो फरक जपून ठेवा. जानेवारीतलं माप आणि मेमधलं माप यांची तुलना त्या फरकानेच होते.

प्रोसेसरचं तापमान मिनिटभरात १०० ला भिडलं आणि रेडिएटर हाताला थंडच लागला, तर पंप फिरत नाही किंवा प्लेट टेकलेली नाही. लगेच बंद करा. रेडिएटर आणि नळ्या गरम होऊनही तापमान जास्त राहत असेल, तर दोष हवेचा आहे. पंखे उलटे लागलेत का ते बघा, कॅबिनेटचा पुढचा भाग बंदिस्त आहे का ते बघा.

समुद्र, पाऊस आणि तांबडी धूळ

मोरजी, कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्याजवळच्या घरांत खारं वारं लोखंडाला खातं, हे खिडकीचे गज बघून कळतंच. रेडिएटरची पाती ॲल्युमिनियमची असतात, त्यांवर रंगाचा थर असतो. घासून साफ करताना तो थर खरवडू नका. कॉम्प्युटर समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवू नका. बंद पडून राहिलेल्या यंत्रापेक्षा रोज चालणारं जास्त टिकतं, कारण आतली ऊब ओल धरू देत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर रोज तासभर तरी चालवा. जोराचा गडगडाट सुरू झाला की मात्र तार भिंतीतून काढा.

दव धरायचा एकच प्रसंग मला माहीत आहे. पावसाळ्यात आपल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी सुटू लागतं ते, २४-२५ अंशांच्या आसपास असतो. एसी २० वर लावून कॉम्प्युटर बंद ठेवला, खोली आणि लोखंड गार झालं आणि मग एसी बंद करून खिडक्या सताड उघडल्या, तर आत येणारी बाहेरची हवा त्या गार भागांवर पाणी सोडते. यात वॉटर कूलरचा संबंध नाही, साध्या कॉम्प्युटरलाही हेच होतं. अशा वेळी अर्धा तास थांबा आणि मग बटण दाबा. पावसाळ्यात एसी २६ वर ठेवला, तर हा प्रश्न उरत नाही.

धुळीचं काम दर दोन महिन्यांनी करा. मागच्या दिवाळीत एका ओळखीच्याचा रेडिएटर उघडला, तेव्हा पंखा आणि पात्यांच्या मध्ये तांबड्या धुळीचा जाड पापुद्रा होता, नखाने धरून तो अख्खा सोलून निघाला. त्याने कूलर खराब झाला असं धरून नवा बघायला घेतला होता. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने साफ केल्यावर त्याच कूलरवर तापमान चौदा अंशांनी खाली आलं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका.

त्याच वेळी बॅटरीच्या उजेडात नळ्यांचे दोन्ही सांधे बघा. तिथे चिकटपणा, हिरवट-पांढरे कण किंवा ओघळ दिसला, तर यंत्र बंद करा, फोटो काढा आणि वॉरंटीत द्या. मुंग्यांची रांग कॅबिनेटकडे जातेय का तेही बघा, आणि मागच्या मोकळ्या खाचांना पट्ट्या लावा, पाल आत शिरते.

एआयओ कधी ना कधी थकतो, पाच-सहा वर्षांनी पंप बदलायची वेळ येते आणि पंप म्हणजे अख्खा कूलरच. बसवल्याची तारीख कागदाच्या चिकटपट्टीवर लिहून ती कॅबिनेटच्या आतल्या बाजूला लावा. भाच्याच्या जुन्या एअर कूलरचं ब्रॅकेट, स्क्रू आणि अर्धी उरलेली पेस्ट आम्ही एका डब्यात घालून कपाटात ठेवली आहे. लग्नसराईत ऐन कामाच्या वेळी पंप बंद पडला आणि नवा यायला पंधरा दिवस लागले, तर तोपर्यंत प्रोसेसरची मर्यादा १२५ वॅटवर आणून त्याच कूलरवर त्याचं काम चालेल.